लांब नावांची यादी

मला लांब नावांचा पहिल्यापासून राग आहे. मुलीसाठी मी दोन अक्षरी नावाचा हट्ट धरला होता. घरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या लावायची वेळ आली तेव्हा 'तूर', 'मूग', 'रवा' एवढंच लिहिलं. बायकोने एका डब्यावर 'आईकडची भाजणी, आधी ही संपवा' असं लिहिलं, तेव्हा 'अगं, डबा आहे की पोस्टकार्ड' म्हणून मी तिला आठवडाभर चिडवलं. त्यामुळे गेल्या वर्षी ऑफिसातला जुना सर्व्हर बंद करून सगळ्या फाइल्स नव्या सर्व्हरवर न्यायचं ठरलं आणि लांब नावं निस्तरण्याचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा बाकीचे माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत होते, आणि मी मनातून खूश होतो.

आमची कंपनी इमारती बांधते. ऑफिस इकडे आखातात, अल बर्शाला, मेट्रोच्या पुलाशेजारी. मी तिथे कॉम्प्युटरची देखभाल करतो. लांब नावांची भानगड समजायला सोपी आहे. कॉम्प्युटर नुसतं फाइलचं नाव मोजत नाही. ड्राइव्हपासून निघून फोल्डर, त्यातलं फोल्डर, त्याच्याही आतलं फोल्डर, असा फाइलपर्यंतचा सगळा रस्ता तो मोजतो. हा रस्ता साधारण दोनशे साठ अक्षरांच्या वर गेला की फाइल कॉपी होत नाही. तिचं नाव चुकांच्या यादीत येतं आणि गाडी पुढे जाते.

आमची ती यादी जाडजूड निघाली. इथल्या ऑफिसांत कुणी काही पुसून टाकत नाही. प्रत्येक जण व्हिसावर आलेला, कधी परत जाईल याचा नेम नाही. उद्या आपण नसलो आणि एखादं ड्रॉइंग सापडलं नाही, तर खापर आपल्यावर नको. म्हणून जुनी फाइल तशीच ठेवायची, नवी करायची आणि नावाला शेपूट लावायचं. फायनल, मग फायनल सुधारित, मग फायनल साहेबांनी बघितलेलं. खरं फायनल कुठलं ते कुणालाच माहीत नसायचं.

त्यात आमच्या मॅनेजरची एक खोड. कामाचा कागद निघाल्याशिवाय आणि त्याच्यावर सही झाल्याशिवाय काम झालं असं तो मानायचा नाही. चुकांची यादी छापा, पानापानावर सही घ्या, मग हात लावा. मी कुरकुर केली. "हबीबी, पेपर नहीं तो काम नहीं," तो म्हणाला. मी प्रिंटरमध्ये कागद भरत बसलो.

त्या दिवसांत मला कामाची घाई नव्हती, हेही सांगायला हवं. बायको आणि मुलगी दोन वर्षांपूर्वी पुण्याला गेल्या, मुलीच्या अकरावीसाठी. अल नहदातला आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट मी सोडला आणि त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एका खोलीत राहायला गेलो. लिफ्टमध्ये अजूनही कधी कधी माझं बोट जुन्या मजल्याच्या बटणावर जातं. दार उघडतं, समोर दुसऱ्याच कुणाच्या मुलांच्या चपला दिसतात, आणि मी काही विसरल्यासारखं करून पुन्हा आत उभा राहतो. संध्याकाळी ठरलेल्या वेळी कॉल. "जेवलास?" "जेवणार आहे." "काय विशेष?" "काही नाही. तिकडे?" मुलगी मागून म्हणायची, "हाय बाबा, आय हॅव क्लास, बाय." चार मिनिटांत आटपायचं. बायको अधूनमधून व्हॉइस नोट पाठवायची, तीन-तीन, चार-चार मिनिटांच्या. त्या मी दुप्पट वेगाने ऐकायचो आणि उत्तराला अंगठा पाठवायचो. मला वाटायचं, आम्ही शहाणे झालो आहोत, कमी शब्दांत भागवायला शिकलो आहोत. खरं म्हणजे मला फार एकटं वाटत होतं आणि ते सांगायची सवय मोडली होती.

यादीतली सगळ्यात लांब नावं एकाच माणसाची होती. त्यांना सगळं ऑफिस अंकल म्हणायचं. वसईचे ख्रिश्चन, तीसएक वर्षं याच कंपनीत ड्रॉइंगांची नोंद ठेवायचे, सहा वर्षांपूर्वी निवृत्त होऊन घरी गेले. मी नवा होतो तेव्हा त्यांची शेवटची दोन वर्षं मी पाहिली होती. फाइलचं नाव असं द्यावं की मागून येणाऱ्याला कुणाला काही विचारावं लागू नये, हा त्यांचा नियम. त्यामुळे 'बेसमेंट' एवढं लिहून त्यांचं समाधान व्हायचं नाही. 'बेसमेंटचं जुनं ड्रॉइंग, चुकीचं आहे पण टाकू नये, क्लायंटने फोनवर हेच मागितलं होतं, जेवणाच्या सुट्टीनंतर' असं रोमन अक्षरांत मराठी-इंग्रजीची मिसळ करून लिहायचे. नमनाला घडाभर तेल म्हणतात, ते हे.

आता यात गंमत अशी की त्यांचा रस्ता एवढा लांबला तो माझ्यामुळे. त्यांचं फोल्डर दहाबारा पायऱ्या आत होतं. रोज तितक्या वेळा क्लिक करून त्यांचा हात दुखतो म्हणून मीच त्यांना एक सोय करून दिली होती. त्या आतल्या फोल्डरलाच 'झेड' ड्राइव्ह असं नाव दिलं. झेड उघडला की थेट त्यांच्या जागी. झेडपासून मोजलं तर त्यांची नावं मर्यादेत बसत होती. मुळापासून मोजलं की बाहेर जात होती. मुळापासून मोजायची वेळ मात्र कधी आलीच नव्हती.

मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. नावातली पहिली वीस अक्षरं ठेवायची, बाकी उडवायची, शेवटी आकडा लावायचा. जुन्या सर्व्हरवरच नावं कापली, मग फाइल्स कॉपी केल्या. इथल्या फाइल्स इतक्या, तिथल्या इतक्या, संख्या जुळली, आकारही जुळला. संख्या जुळली की काम झालं, फाइल उघडून बघायची नसते, हा माझा नियम. जुना सर्व्हर बंद केला, त्याच्या डिस्क पुन्हा कुणाला वाचता येऊ नयेत म्हणून भोकं पाडायला पाठवल्या आणि मॅनेजरची शेवटची सही घेतली. "खलास?" त्याने विचारलं. "खलास," मी म्हटलं.

पुढच्या आठवड्यात मंगळवारी दुपारी अंकलचा फोन आला. सहा वर्षांत पहिल्यांदा. तब्येत, पगारवाढ, कॅन्टीनमधला जुना चहावाला आहे का, सगळं झालं. माणूस ताकाला आला होता आणि भांडं लपवत होता, हे माझ्या लक्षात आलं. शेवटी मीच विचारलं, "अंकल, काही काम होतं का?"

"आपली मिसेस गेली, तुला कळलं असेल," ते म्हणाले. मला कळलं नव्हतं. "पुढच्या महिन्यात वर्ष होईल. माझ्या फोल्डरमध्ये तिचा आवाज आहे. तेवढा मिळेल का बघ ना."

मग त्यांनी सांगितलं. ते इथे आले तेव्हा घरी फोन करणं परवडायचं नाही. तिला लिहायचा कंटाळा. म्हणून ती कॅसेटवर बोलायची आणि गावातलं कुणी इकडे यायला निघालं की त्याच्या पिशवीत ती कॅसेट द्यायची. हे आठ-दहा वर्षं चाललं. निवृत्तीच्या आधी अंकलनी एक जुना टेपरेकॉर्डर ऑफिसात आणला आणि सगळे निघून गेल्यावर रोज एकेक कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवली. सत्तेचाळीस फाइल्स झाल्या. जाताना विमानाला तीस किलोची मर्यादा, कॅसेटी कचऱ्यात टाकल्या. सर्व्हर काय मरत नाही, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. ते बहुतेक मीच सांगितलं असणार.

"मग इतकी वर्षं मागितल्या नाहीत?"

"ती होती ना घरात," ते म्हणाले. "आवाज कोणाला पाहिजे होता?"

मी बोलता बोलताच शोधलं. 'पर्सनल, डू नॉट डिल' इथे कापलेली, पुढे एक ते सत्तेचाळीस आकडे लावलेली. सगळ्यांची सुरुवात सारखी असल्यामुळे माझ्या प्रोग्रामने सगळ्यांना एकच नाव दिलं होतं. संख्या बरोबर होती. "आहेत अंकल," मी ताठ मानेने म्हटलं. "सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस. दोन दिवसांत पाठवतो." ते म्हणाले, "बाबा, तुझं भलं होवो," आणि फोन ठेवला.

फाइल्स बाहेर पाठवायची परवानगी मिळाली. मॅनेजरने अर्जावर सही केली आणि म्हणाला, "यल्ला, दे दो बेचारे को." पाठवण्याआधी एक फाइल ऐकावी असं का वाटलं कोण जाणे. माझ्या नियमात ते बसत नव्हतं. शुक्रवारी अर्धा दिवस असतो, लोक नमाजला आणि घरी निघाले होते. मी हेडफोन लावले आणि पहिली फाइल सुरू केली.

एसीची घरघर. खुर्ची करकरली. मग बराच वेळ नुसती घरघर, आणि मधेच कुणीतरी हसलं. बाईचं नाही, पुरुषाचं हसणं, आणि त्याच्या शेवटी एक छोटा खोकला. ते अंकल होते. मी फाइल पुढे सरकवली. पुन्हा घरघर, मग अंकलचा आवाज, "हं... हं... मग?" मी दुसरी उघडली, दहावी उघडली, चाळिसावी उघडली. बाईचा आवाज कुठेच नव्हता.

काय झालं ते मला पाच मिनिटांत कळलं. वायर चुकीच्या भोकात गेली होती. कॉम्प्युटरने टेपमधला आवाज घेतलाच नव्हता, स्वतःच्या माइकने खोलीतला घेतला होता. आणि घरचं बोलणं वॉचमनच्याही कानावर पडू नये म्हणून अंकल हेडफोन लावून कॅसेट ऐकत होते. तिचं सगळं बोलणं त्यांच्या कानात गेलं आणि फाइलमध्ये उरलं ते त्यांचं ऐकणं. एका फाइलमध्ये ते म्हणत होते, "अगं पण मी कुठे नाही म्हटलं?" एकीत नुसतं, "सॉरी. सॉरी म्हटलं ना बाई." एकीत काही बोललेच नाहीत, फक्त नाक ओढल्याचा आवाज. रिकाम्या ऑफिसात एक म्हातारा माणूस वीस वर्षं जुन्या बोलण्याला उत्तरं देत बसला होता. त्यांनी फाइल केली, नाव दिलं आणि पुन्हा कधी उघडली नाही. तेही माझ्यासारखेच, झालं म्हणजे झालं.

मला रडू आलं. त्यांच्यासाठी आलं, आणि खोटं कशाला बोलू, माझ्यासाठीही आलं. त्या खोलीत त्यांच्या जागी बसलेला माणूस मला ओळखीचा वाटत होता.

तो शनिवार-रविवार मी कसातरी काढला. सगळ्या सत्तेचाळीस फाइल्स पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकल्या, न जाणो हेडफोनमधून तिचा एखादा शब्द बाहेर सांडला असेल. नाही सांडला. अंकलचे दोन मेसेज आले, 'नो हरी' असे. नो हरी म्हणणाऱ्याला किती घाई असते ते मला त्या दोन दिवसांत कळलं. सोमवारी मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन फोन लावला आणि एका दमात सांगून टाकलं. आवाज नाही. फाइल्स आहेत, तिचा आवाज नाही, तुमचा आहे.

पलीकडे कोंबडा आरवत होता.

"मग नावं वाच," ते म्हणाले.

"काय?"

"फाइलींची नावं. ती काय बोलली ते मी नावात लिहिलं होतं सगळं. शोधायला बरं पडावं म्हणून. माझी लांब नावं तुला आवडायची नाहीत, मला माहीत आहे, पण वाच."

मी जिन्यातल्या पायरीवर बसलो. नावं मी कापली होती. जुन्या डिस्कना भोकं पडली होती. "अंकल, पाच मिनिटांत करतो," एवढं बोलून मी फोन ठेवला आणि तिथेच बसून राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा मला नाव छोटं केल्याची लाज वाटली. आवाज त्यांच्या चुकीने गेला होता. शब्द मात्र मी घालवले होते.

मग मला कागद आठवले. कापण्याआधी छापलेली यादी, चुकांची, पानापानावर सही असलेली. ती मॅनेजरच्या खोलीत बॉक्स फाइलमध्ये होती. मी न विचारता आत शिरलो. तो फोनवर होता, त्याने नुसत्या भुवया उंचावल्या. अंकलची पानं शेवटाकडे होती. एकेका नावाच्या तीन-तीन ओळी, पूर्ण, एक अक्षर कमी नाही, आणि प्रत्येक पानाखाली मॅनेजरची ती कोंबडीच्या पायासारखी सही. मी पानं उचलली आणि परत जिन्यात आलो.

"वाचतो," मी म्हटलं.

"सावकाश."

मी वाचलं. "'पर्सनल, डू नॉट डिलीट, घरची कॅसेट, पहिली बाजू, धाकटीचा दात पडला, कौलावर टाकला, आता रोज कौलाकडे बघते.'"

"हं," अंकल म्हणाले.

"'तू पाठवलेला साबण वापरत नाही, कपड्यांत ठेवलाय, कपाट उघडलं की तू आल्यासारखं वाटतं.'"

"हं."

"'पंपाचा मिस्त्री तीन दिवस जेवून गेला, पंप अजून तसाच, पण माझ्या हातची कढी चांगली म्हणाला.'"

अंकल हसले. शेवटी छोटा खोकला. ते हसणं मी एसीच्या घरघरीत ऐकलं होतं, बहुतेक याच मिस्त्रीला. मी पान उलटलं. मग मी वाचलं. "'रागावली आहे, या वर्षीही नाताळला आला नाहीस, बोलणार नाही म्हणते, पण दोन्ही बाजू भरल्या आहेत.'" "'आज ती बोलली नाही, टेप चालू राहिला, फक्त भांड्यांचा आवाज, हीसुद्धा ठेवावी.'" सत्तेचाळीस नावं वाचायला पाऊण तास लागला. जिन्यातून दोन-तीन लोक वरखाली गेले, त्यांनी मला वळसा घातला.

वाचून झाल्यावर मी म्हटलं, "अंकल, हे मी टाइप करून पाठवतो. त्या फाइल्स मात्र राहू दे. त्यात काही नाही."

"नाही नाही, त्या पाठव," ते म्हणाले. "त्याच पाहिजेत. ती एवढी बोलली, मला उलट कॅसेट पाठवायला कधी जमलं नाही. लाज वाटायची, खोलीत सहा जण. मी उत्तर दिलं ते तिने कुठे ऐकलंय? वर्षाच्या दिवशी सकाळी कबरीजवळ बसून लावीन. कोणी नसतं त्या वेळी."

त्या दुपारी मी सत्तेचाळीस फाइल्सना त्यांची पूर्ण नावं परत दिली, कागदावर बघून, एकेक टाइप करून. या वेळी मर्यादेसाठी नावं कापली नाहीत. फोल्डरच आतून उचलून सगळ्यात वर आणून ठेवलं. तेवढं केलं की अंकलची लांब नावंही मर्यादेत बसतात, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कापणं सोपं होतं म्हणून मी कापलं होतं.

बसने अल नहदाला परतलो. वर गेलो, चपला काढल्या. फोनवर बायकोची व्हॉइस नोट होती, चार मिनिटं अकरा सेकंदांची. या वेळी वेग वाढवला नाही. ती सांगत होती की पिठाच्या गिरणीवाल्याने दुकान बंद केलं, आता भाजणी कुठे दळायची. मुलगी रात्री अभ्यास करताना माझा जुना शर्ट घालून बसते आणि विचारलं तर म्हणते, इट्स जस्ट कम्फर्टेबल. शेजारच्या काकूंनी विचारलं, हे कधी येणार, तर आपण काहीतरीच उत्तर दिलं. मधे ती थांबली, कुकरची शिट्टी झाली, मग पुन्हा बोलायला लागली. मी पलंगाच्या काठावर बसून ऐकत होतो. मी तिला म्हटलं, गिरणी दुसरी शोधू, मी आलो की आपण दोघं जाऊ. शर्ट तिच्याकडेच राहू दे, तिला काही बोलू नकोस. काकूंना सांग, त्याला तिकडे करमत नाही. मला इथे करमत नाही गं, मी म्हटलं, संध्याकाळी तर अजिबात नाही. बराच वेळ बोललो.

बोलून झाल्यावर हातातल्या फोनकडे बघितलं. रेकॉर्डिंगचं बटण दाबलंच नव्हतं. मग बटण दाबलं आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.